पाचव्या दिवसापलीकडे

११ फेब्रुवारी

तिसऱ्या टाकीतली पिल्लंही गेली. आज पाचवा दिवस होता. सकाळी देस्माने दिवा धरून पाहिलं तेव्हा सगळी तळाशी पडली होती. तिने मला हाक मारली नाही. मी चहा घेऊन गेलो तर ती बाह्या सरसावून रिकामी टाकी घासत बसली होती.

केंद्रात रोजच्या कामाची नोंद होते, ती वरच्या साहेबांसाठी. हे लिहिणं माझ्यासाठी. मधे दोन वर्षं सोडून दिलं होतं. पण यंदा मन टिकवायचं असेल तर मनातलं कुठेतरी उतरवून ठेवायला हवं. पादांगच्या कार्यालयाने साफ सांगितलंय, डिसेंबरपर्यंत सिरिहची पिल्लं टाकीत जगवून दाखवा, नाहीतर हे मत्स्यबीज केंद्र तिलापियाचं करू. तिलापिया कुठल्याही डबक्यात वाढतो. सिरिह जगात फक्त आमच्या तळ्यात आहे. सिरिह म्हणजे आमच्याकडे विड्याचं पान; मासा तेवढाच, तसाच निमुळता, म्हणून हे नाव. अंडी घालायला तो पूर्वी तळ्याला मिळणाऱ्या सगळ्या ओढ्यांत चढायचा. आता एका उलाकच्या ओढ्याचं नाव घेता येतं.

अंडी फुटतात, पिल्लं निघतात, त्यात अडचण नाही. पोटाखाली बलकाची पिशवी असते तोवर ती मजेत असतात. पिशवी संपते आणि पिल्लाने तोंड उघडून काहीतरी खायचं असतं. ते खात नाही. दोन दिवस तसंच फिरतं आणि मग तळाशी बसतं.

दुपारी देस्माला समोर बसवून समजावलं. फसलेला प्रयोग वाया जात नसतो, त्यातून एक चुकीचा रस्ता कमी होतो. मी इथे सोळा वर्षं काढली ती याच समजुतीवर. ती माझ्या थोरल्या बहिणीची, रोसनीची मुलगी. मत्स्यशास्त्र शिकायला मीच पाठवली, इथे कामाला मीच आणली. आमच्यात भाचीचं बरंवाईट बापापेक्षा मामाने बघायचं असतं. सगळं ऐकून "हो मामा" म्हणाली. पोरीत दम आहे.

१४ फेब्रुवारी

उजाडताना उलाकवर. म्हातारा जालिनुस आमच्या आधी पाण्यात उतरलेला. ओढा तळ्याला मिळतो तिथे त्याचा दगडी बांध आहे, आजोबांच्या वेळचा. मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, बांधातल्या चिंचोळ्या वाटेत शिरतात, आणि तो मागून वाट बंद करून टोपलीने उचलतो. पूर्वी पकड बाजारात जायची. आता अंडी भरलेल्या माद्या तो आमच्यासाठी राखून ठेवतो, आम्ही भाव बरा देतो म्हणून.

केंद्रात पोचेपर्यंत बादलीतले निम्मे मेले. सिरिहला नुसता हात लागला तरी खवले सुटतात. उरलेल्या माद्यांची पोटं हलक्या हाताने दाबून अंडी वाटीत घेतली, नरांचं रेत मिसळलं, कोंबडीच्या पिसाने ढवळलं. देस्माचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तरी संध्याकाळपर्यंत सगळे पालक मासे उलटे झाले. ते होणारच.

निघताना जालिनुस म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातून एक पेशंट घरी परत आलेला मी पाहिला नाही." मी डॉक्टर नाही हे त्याला माहीत आहे, डॉक्टरेट अर्धवट राहिली हेही माहीत आहे. मी हसलो. देस्मा हसली नाही.

यंदा मासे कमी दिसतात. तळ्यात लोक बारीक डोळ्यांची जाळी लावतात, वर धरणवाले पाणी कधी सोडतात कधी अडवतात. कितीदा लिहून कळवलं.

१९ फेब्रुवारी

गेली. पाचवा दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, सगळ्यांची आतडी रिकामी.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज करून घरी गेलो. घर म्हणजे एर्नीच्या आईचं घर. आमच्यात नवरा बायकोच्या घरी पाहुणाच असतो, पण मी पाहुण्यांतलाही दूरचा झालोय अशी सासूबाईंची थट्टा. छपराचे पत्रे नवे दिसले. एर्नी म्हणाली, भावाने येऊन बसवले, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा. किती समजूतदार बाई आहे. पूर्वी माशांवरून भांडायची, "मासे टाकीत मरतात आणि मी इथे," असं एकदा बोलली होती. आता कितीतरी दिवसांत काही विचारतही नाही. बायकोने इतकं मोकळं सोडलं म्हणून मी हे काम करू शकतो.

जेवून लगेच परतलो. तिने डबा भरून तयारच ठेवला होता.

८ मार्च

देस्माने नवीन कल्पना काढली. आपण पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक गाळून देतो, तो त्यांना कळतच नसेल, त्यांना हलणारं काहीतरी हवं असेल. ती भाताच्या खाचरातलं हिरवं पाणी आणणार, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वळवळत असतात. चांगली कल्पना. करून पाहू म्हणालो.

त्याच दमात दुसरीही सांगितली. माद्या आणायच्याच नाहीत. त्यांना ओढ्यात अंडी घालू द्यायची, आणि खाली वाहत येणारी थोडी अंडी पातळ कापडाच्या जाळ्यात धरायची. "मासा मरत नाही, मामा. बाकीची अंडी तळ्यात जातात तशी जातील."

मी तिला समजावलं की ते शास्त्र होणार नाही. कुठल्या मादीचं अंडं, किती वेळापूर्वीचं, काहीच कळणार नाही. उद्या यश आलं तरी सिद्ध काय करणार? प्रयोग स्वच्छ हवा. तिने थोडा वाद घातला, मग खाचराकडे गेली. कनवाळू स्वभाव आहे, वयाने जाईल.

१५ मार्च

हिरव्या पाण्यातलीही गेली. कदाचित पाणी उशिरा दिलं. कदाचित गढूळ झालं. देस्मा तीन दिवस केंद्रातच राहत होती, टाकीजवळच्या बाकावर झोपत होती. डोळे खोल गेलेत. अशी निष्ठा आजकाल बघायला मिळत नाही.

तिला धीर द्यावा म्हणून माझी सुरुवातीची वर्षं सांगितली. वीज नव्हती तेव्हा हाताने पाणी हलवायचो ते, पहिलं अंडं फुटलं तेव्हा मी रडलो होतो ते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, सोळा वर्षांत ओढ्यावरून आणलेल्या माशांपैकी परत किती सोडले?"

मी म्हणालो, एकही नाही. परत सोडण्यासारखे राहतच नाहीत ते.

"हं," म्हणाली आणि पिसं धुवायला घेतली.

असल्या हिशोबाने माणूस खचतो, हे तिला सांगायचं राहून गेलं.

२ एप्रिल

रोज्यांचे दिवस. उपाशीपोटी पाण्यात उभं राहिलं की पाय लवकर गार पडतात. जालिनुसची टोपली आज जेमतेम तळ झाकेल एवढी भरली. तो मात्र खूश होता. बांधाच्या वरच्या अंगाला दोन दगडांत फट होती, तिथून काही मासे निसटून वर जायचे, ती त्याने बुजवून टाकली. "तुमच्यासाठी केलं, डॉक्टर. आता एकही जात नाही." म्हाताऱ्याला कामाचं महत्त्व पटलंय याचं बरं वाटलं. मी त्याचे आभार मानले.

देस्मा काठावरच थांबली होती. बरं नाही म्हणाली.

११ एप्रिल

मेली. आज मलाही टाकीकडे जावंसं वाटलं नाही. खोलीत बसून राहिलो. कधी कधी वाटतं, हा मासा मुळात हट्टीच आहे. त्याला जगायचं नाही तर मी का धडपडतो? असं वाटलं की मी मुद्दाम उठून टाक्या धुतो. हात चालू झाले की मन मागून येतं. आज मात्र सगळ्या टाक्या देस्माने आधीच धुऊन ठेवल्या होत्या.

२४ एप्रिल

ईद झाली. एर्नीच्या घरी भरगच्च माणसं. तिचा दुसरा भाऊ जाकार्ताहून बायकापोरांसह आलेला. परगावी गेलेल्यांना घरी आलं की दोन गोष्टी हव्या असतात, नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाचं रेंडांग आणि हिरव्या मिरचीतले तळलेले सिरिह. ताट भरून सिरिह मांडले होते. विचारलं तर जालिनुसकडून आणले म्हणे, सणाला म्हणून त्याने खास धरले होते. मेव्हणा म्हणाला, "भावजी, हे वाढवायचं शिका लवकर. जाकार्तात याला काय मागणी आहे."

मी दोन खाल्ले. चव विसरूनच गेलो होतो.

दुपारी रोसनी आणि देस्मा भेटायला आल्या. देस्माने ताटाकडे पाहिलं आणि परसात जाऊन बसली. रोसनीने मला बाजूला घेतलं. "पोरगी जेवत नाही. केस गळतात, फणी भरून निघते. झोपेत कसले तरी दिवस मोजते. तू तिचा मामा आहेस, तुला काही दिसतं की नाही?" मी म्हटलं, ताई, शास्त्राचं काम असंच असतं, माणूस स्वतःला विसरतो. तुला अभिमान वाटायला हवा. उठताना रोसनी माझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं तिकडे बघत राहिली.

९ मे

देस्मा गेली. नीट लिहून ठेवतो.

दोन दिवस पाऊस झाला होता, ओढा चढला असणार, म्हणून तिला बादल्या काढायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

"मामा, ओढ्याला आता हात लावायचा नाही. यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही."

"डिसेंबरला केंद्र बंद होईल."

"होऊ दे."

"मग सिरिहला वाचवणार कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणची रोसनी आठवली. "तुम्ही जाळीवाल्यांना नावं ठेवता, धरणाला नावं ठेवता. जाळ्यात सगळेच मासे सापडतात. पण अंडी भरलेली मादी, ती घालायच्या आदल्या घटकेला, नेमकी निवडून उचलणारं दुसरं कोण आहे या तळ्यावर? आपण आहोत, मामा. दरवर्षी. जालिनुसला ती सवय आपण लावली."

मी आवाज चढवला नाही. तिला म्हणालो, तू दमली आहेस, चार दिवस आईकडे राहून ये, मन ताजं होईल. सगळ्यांना अशी वेळ येते. मलाही आली होती.

"दमले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "झोपून उठल्यावर गेलं असतं. मला दिसतंय ते झोपून जात नाही."

मग तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खाचरातल्या पाण्याच्या बाटल्या कुठल्या उन्हात ठेवायच्या, कुठल्या सावलीत, एवढं मात्र समजावून सांगितलं, दोनदा. पेकानबारूला एका माशांच्या खाद्याच्या कंपनीत तिला जागा मिळाली आहे. म्हणजे अर्ज आधीच केला असणार. मला कळलंही नाही.

आजच्या मुलांना लगेच फळ हवं असतं.

१२ मे

एकटाच ओढ्यावर गेलो. पाणी नितळ होतं, तळाचे दगड दिसत होते, दगडांवरचं शेवाळ दिसत होतं. बराच वेळ बसलो. पाण्यात दुसरं काही हललं नाही. लहानपणी इथे पाय सोडून बसलं की सिरिह येऊन बोटांना टोचायचे आणि रोसनी किंचाळायची.

देस्मा म्हणते ते खरं असेल तर या सोळा वर्षांत मीच

पुढचं लिहिलं होतं, खोडलं. स्वतःवर असे घाव घालून कुणाचं भलं होत नाही. एकदा बीज तयार झालं की एका वर्षात मी हा ओढा भरून देईन. घेतलं त्याच्या शंभरपट. त्यासाठी एकदा, फक्त एकदा, पिल्लं जगायला हवीत.

३ जून

रात्रभर जोराचा पाऊस झाला म्हणून पहाटेच निघालो. जालिनुस म्हणाला, आज आले नाहीत तर मग नाहीत. आम्ही दोघं कमरेइतक्या पाण्यात थांबलो. उन्हं वर आली तेव्हा एक लहानसा थवा चढला. वाट बंद केली. सहा माद्या, पोटं तट्ट. नर थोडे जास्त.

देस्माचे शब्द डोक्यात होते म्हणून मी दोन माद्या सोडून दिल्या. कुणी मला म्हणू नये की याने काही शिल्लक ठेवलं नाही. जालिनुस दात काढून हसला. सुटलेल्या दोघी भांबावून बांधाच्या कडेला उथळ पाण्यात अडकल्या, तिथून त्याने त्या हाताने उचलल्या आणि कमरेच्या पिशवीत टाकल्या. नातवंडं यायची आहेत म्हणाला. माझ्या हातून सुटल्यावर ते मासे त्याचेच.

चारही माद्यांनी अंडी चांगली दिली.

८ जून

पाचवा दिवस. जिवंत आहेत.

९ जून

जिवंत. देस्माने सांगितलं होतं तसंच हिरवं पाणी दिलं, पण पिशवी संपायच्या आदल्या दिवसापासून. सूक्ष्मदर्शकाखाली एक पिल्लू पाहिलं. आतड्यात हिरवट ठिपका. त्याने खाल्लंय. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खाल्लंय.

सांगायला कुणी नव्हतं. पहारेकऱ्याला सांगितलं, तो म्हणाला छान झालं साहेब. मग एर्नीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमची उशी, चादर आणि थंडीचे कपडे भाच्याच्या गाडीने पाठवते. उगाच इकडे पडून आहेत, तिथे कामी येतील." इतक्या गडबडीतही तिला माझी आठवण राहते.

१२ जून

नऊ दिवस. काही पिल्लं आता पाण्याच्या वरच्या थरात येतात, झुंडीने वळतात. अगदी मोठ्या सिरिहसारखी वळतात. पादांगला कळवलं. साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. म्हणाले, तुमच्यासारखी चिकाटी मी पाहिली नाही.

१३ जून

सकाळी सगळी तळाशी होती.

पंप चालू होता. पाणी गार होतं. काल झुंडीने वळत होती.

१५ जून

काल काहीच केलं नाही. आज देस्माला फोन केला. आधी एर्नीला करणार होतो, पण ही बातमी कळेल अशी माणसं जगात दोनच आहेत, त्यातला एक मी.

नऊ दिवस, म्हटल्यावर ती क्षणभर पहिल्यासारखी झाली. काय दिलं, केव्हा दिलं, किती दाट होतं, पटापट विचारत सुटली. तुझंच पाणी, मी म्हणालो, फक्त एक दिवस आधी. तिला हसू आलेलं ऐकू आलं. "म्हणजे बरोबर होतं." हो, बरोबर होतं, म्हटलं.

मग विचारलं, "माद्या कुठून आणल्या?"

"उलाकहून."

"मागे किती राहिल्या?"

मी म्हणालो, पाऊस पडला की येतील. पलीकडे कंपनीतल्या यंत्रांचा आवाज येत होता. तिने वाद घातला असता तर माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"मामा, वेळेवर जेवताय ना?" तिने विचारलं. हो म्हटलं. "जेवत जा," म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर बराच वेळ मला वाटत राहिलं की तिने आपली चूक कबूल केली. कामात जीव असल्याशिवाय एवढ्या आपुलकीने कोण विचारतं? पुढच्या वर्षी परत येईल, असं रोसनीला सांगायला हवं.

२८ जून

पादांगहून पत्र आलं. नऊ दिवसांच्या निकालावर केंद्राला आणखी तीन वर्षांची मुदत. नवा सूक्ष्मदर्शक, दोन मदतनीस. स्वातंत्र्यदिनाला जिल्ह्यात माझा सत्कार आहे. संशोधनातल्या चिकाटीबद्दल.

मदतनीस पोरं पत्रापाठोपाठच येऊन दाखल झाली. त्यांना बसवून सगळं सांगितलं, फसलेल्या प्रयोगाला कसं घ्यायचं, मन कसं टिकवायचं. दोघंही लिहून घेत होती.

९ जुलै

तीन पाऊस झाले. तिन्ही वेळा मुलांना घेऊन उलाकवर गेलो. काही चढलं नाही. आज जालिनुस बांधाचे दगड काढून गाडीत भरत होता. घराच्या पायऱ्यांना लावणार म्हणे. मी विचारलं, आजोबांचा बांध ना हा? तो म्हणाला, "आजोबांचे मासेही होते, डॉक्टर." हे तो थट्टेत बोलला की कसं, कळलं नाही. एरवी त्याची थट्टा मला कळते.

मी त्याला म्हणालो, थोडा धीर धर, आमचं बीज तयार झालं की ओढा पुन्हा भरेल. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या टोकाने दगड धरायला सांगितला. जड होता. आम्ही दोघांनी उचलून गाडीत टाकला.

परत येताना मुलांना सांगितलं, अशा दिवशीच खरी परीक्षा असते.

१७ जुलै

एक बातमी मिळाली आहे. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिकडे रस्ता जात नाही, तिकडे कपुर नावाची वस्ती आहे. तिथला एक ओढा तळ्याला मिळतो. नव्या मदतनिसांपैकी एकाची आत्या तिकडे दिली आहे. ती म्हणते, पावसात ओढ्यात छोटे रुपेरी मासे चढतात, तिथले लोक ते धरत नाहीत, काठावर कुणा पीराची कबर आहे म्हणून.

रात्री झोप लागली नाही. आनंदाने.

२० जुलै

होडीने गेलो. ऐकलं त्यापेक्षा जास्तच. पाण्यात उतरलो तर दोन्ही पायांभोवती मासे, घोट्यांना थडकून वर जाणारे, इतके की पाणी वाजत होतं. मुलं हसायला लागली. मी काठावर येऊन बसलो. असा ओढा मी फार वर्षांपूर्वी पाहिला होता.

वस्तीच्या मुखियाशी बोललो. तो आधी तयार नव्हता. सरकारचं पत्र दाखवलं, हा मासा जगात दुसरीकडे उरला नाही हे सांगितलं, आणि तो वाचवायलाच आम्ही आलोय हेही सांगितलं. हे ऐकून तो नरमला. कबरीवर दुआ मागून मग पाण्यात उतरा म्हणाला. तशी मागितली. मनापासून मागितली.

फार नाही घेतले. दोन बादल्या, भरलेल्या माद्या निवडून.

होडीत चढताना धुणं धुणाऱ्या एका बाईने विचारलं, "नेताय ते परत आणून सोडणार ना?"

"सोडणार तर," मी म्हणालो. "पिल्लांसकट."

हे बोलताना मला खरंच तसं वाटत होतं.

वाटेत निम्मे गेले. उरलेले टाकीत सोडले आहेत, एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थांबलेत. पाणी गार आहे, हवेचा पंप नीट चालू आहे. मुलांना पिसं धुऊन ठेवायला सांगितलं. उद्या सकाळी सुरुवात करतो.